भिंतीपलीकडचं इंजिन

हल्ली मी ज्या चर्चमध्ये गाते तिथल्या गायनवृंदाची प्रमुख बेट्टी माझ्यावर कायम वैतागलेली असते. तिचं म्हणणं असं, की रेजिना, तुझा आवाज या वयातही चांगला आहे, सूर पक्का आहे, पण पहिली ओळ तू नेहमी उशिरा उचलतेस. ऑर्गन सुरू होतो, बाकीच्या तोंड उघडतात आणि तू आपली खिडकीकडे कान लावून उभी. तिचं खरं आहे. कमी ऐकू येतं असं सांगून मी वेळ मारून नेते. खरं कारण सांगायला बसलं तर सराव बुडेल, आणि बेट्टीला सराव बुडालेला चालत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या मंडळींनी, हॉलमध्ये जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. लेक मला घेऊन गेली. या अमेरिकन शहरातल्या कॅथलिक लोकांचा सगळा संसार भिंतीवर टांगलेला होता. गिरणीतल्या आयरिश कामगारांनी विटा वाहून बांधलेलं पहिलं चर्च, सिस्टरांची शाळा, त्यांचंच हॉस्पिटल, पोलिश बायकांचं भिशीसारखं मंडळ, आणि शेवटी दफनभूमी. जन्मापासून मरणापर्यंतची सोय, आणि प्रत्येक इमारतीवर ठळक अक्षरांत नाव. एक उत्साही मुलगी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करत होती. तिने मला विचारलं, तुम्ही कुठल्या पॅरिशमध्ये वाढलात? मी म्हटलं, सौदी अरेबियात हुफूफ म्हणून गाव आहे, तिथल्या एका भाड्याच्या घरातला हॉल. तिने विचारलं, त्याचं नाव? नाव नव्हतं. फोटो? फोटो कसा असणार, बाई. ती गोड हसली आणि पुढच्या म्हातारीकडे वळली. तेव्हा ते नाव नसलेलं चर्च आता मीच लिहून ठेवते, आणि तेही सगळं नाही. ज्या आठवड्यात ते बंद पडायला आलं होतं, तेवढा आठवडा.

आम्ही वसईचे. पप्पांचं नाव पास्कल, गावात सगळे पास्कू म्हणत. गावी आमची केळीची वाडी होती, पण वाडी चार भावांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला घड कमी आणि भांडणं जास्त आली, म्हणून पप्पा यंत्रांचं काम शिकून हुफूफच्या खजुराच्या कारखान्यात शीतगृह सांभाळायला गेले आणि मागोमाग आईला आणि मला घेऊन गेले. घरात आम्ही गावचीच बोली बोलायचो. ती जशीच्या तशी इथे लिहिली तर माझ्या नातवंडांना सोडाच, पुण्याच्या माणसालाही कळायची नाही, म्हणून साध्या मराठीत लिहिते आहे. आई त्या बोलीत इतक्या वेगाने रागवायची, की शेजारचे मल्याळी लोक आम्हाला विचारायचे, घरी कुणी वारलं का?

आमचं घर गल्लीच्या टोकाला होतं. मागची भिंत अबू सालेहच्या खजुराच्या बागेला लागून. हुफूफ म्हणजे वाळवंट असं इकडे लोकांना वाटतं. तिथे भिंतीपलीकडे पाटातून पाणी वाहायचं, पारवे घुमायचे, डाळिंबं लागायची, आणि संध्याकाळी ओल्या मातीचा असा वास यायचा की पप्पा चहाचा कप घेऊन मागच्या दारात नुसते उभे राहायचे. अबू सालेहची बायको, उम्म सालेह, तिकडचा लाल हसावी तांदूळ आम्हाला पाठवायची. तो शिजवला की आमच्या गावच्या लाल भातासारखा दिसतो, पेज तर थेट तशीच होते. आई त्याबद्दल तिला सुकेळी पाठवायची. वसईहून आलेली ती वाळवलेली केळी सौदी घरात इतकी आवडली, की त्यांची मुलगी नूरा ती मागायलाच आमच्याकडे यायची आणि तिच्याबरोबर खेळता खेळता मी अरबी शिकले. शाळेतल्या अरबीत फक्त उंट आणि पुस्तक येतं. भांडण, लाड आणि थापा मला नूराने शिकवल्या.

बागेतली एकच गोष्ट आईला सहन होत नसे, आणि ती म्हणजे अबू सालेहचं पाणी उपसायचं डिझेल इंजिन. ते आमच्या भिंतीला अगदी खेटून बसवलेलं होतं. आठवडाभर ते कधी चालायचं, कधी नाही. पण शुक्रवारी दुपारी आम्ही प्रार्थनेला बसलो, की हटकून चालू. आधी खोकल्यासारखा आवाज, मग धडधड, आणि मग हॉलमधल्या काचा थरथरायला लागायच्या. आई म्हणायची, "त्या बहिऱ्याला नेमका हाच मुहूर्त कसा सापडतो? कानांत बोळे घातलेत मेल्याने." तिने त्याचं नावच बहिरा ठेवलं होतं. आईचा आवाज गावच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्यांना जागं करणारा. ती इंजिनाला हार जाणार नव्हती. ते जितकं धडधडायचं तितकी ती वरच्या पट्टीत गायची, आणि तिच्यामागे आम्ही सगळे.

शुक्रवार का, तर तिकडची सुट्टी शुक्रवारी. आमचा रविवार आम्ही शुक्रवारी साजरा करायचो. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पडली की ती वेदी. क्रूस आणि मारियामातेची हातभर मूर्ती एरवी तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली. लोक एकदम येत नसत. एक जोडपं आता, मग दोन मल्याळी नर्सेस, मग मंगळुरी कुटुंब, मग फिलिपिनो मेरी. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं जेवायला आलेत. गाड्या वेगवेगळ्या गल्ल्यांत लावायच्या. पडदे ओढायचे. फादर वर्षातून एखाद्या वेळी यायचे, तेही कुणाचे तरी पाहुणे म्हणून, आणि आम्ही मुलांनी त्यांना अंकल म्हणायचं. एरवी पप्पाच प्रार्थना चालवायचे. घरात बसून प्रार्थना केली तर कुणी बघत नाही, असं काही जण म्हणायचे. बघितली तर दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवतात, असं बाकीचे म्हणायचे. यातलं खरं काय, हे पडताळून पाहायची हौस कुणालाच नव्हती. दारावर थाप पडली की आधी मूर्ती तांदळात जायची आणि मग दार उघडायचं.

त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे त्याच्या आधीच्या शुक्रवारी, फादर येणार असं कळलं आणि पप्पांच्या अंगात आलं. येशूचं स्वागत लोकांनी खजुरीच्या झावळ्यांनी केलं, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी झावळ्या आशीर्वादित करतात, एवढं वाचकाला ठाऊक असेल. दरवर्षी आम्ही छाटणीच्या ढिगातून हिरव्या झावळ्या आणायचो आणि भागवायचो. पण आमच्या गावी खरी रीत वेगळी. खजुरीच्या पोटातून न उमललेली पांढरी, लोण्यासारखी पाती काढायची आणि त्यांचे क्रूस विणायचे. माझे आजोबा ते अख्ख्या गावासाठी विणायचे आणि पप्पांच्या बोटांत ती कला उतरली होती. फादरसमोर ते पांढरे क्रूस ठेवायचेच, असं त्यांनी ठरवलं.

आमच्या भिंतीला टेकून, बागेच्या पार कोपऱ्यात, एक तरणं झाड वाकडं वाढलं होतं. पप्पांना वाटलं, आपोआप उगवलेलं असणार. वसईत बांधाबांधावर अशा खजुऱ्या उगवतात. त्यांना ना मालक, ना वाली. ताडी काढा, चटया विणा, सणाला शेंडा कापा, कुणी विचारत नाही. गुरुवारी दुपारी, बाग झोपलेली असताना, पप्पा भिंतीवर चढले आणि कोयत्याने त्या झाडाचा शेंडा खोलवर कापून आतली पांढरी पाती काढून घेतली. पातीच्या बुडाशी असतो तो गाभा त्यांनी मला दिला. कोवळ्या नारळासारखा गोड होता. पप्पा म्हणाले, "खा, लहानपणी आम्ही यासाठी मारामाऱ्या करायचो." मी खाल्ला. दुसऱ्या दिवशी फादरनी क्रूस हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, असं काम मी कित्येक वर्षांत बघितलं नाही. पलीकडे इंजिन धडधडत होतं, आई त्याच्यावर गात होती आणि पप्पांची मान ताठ झाली होती.

तीन-चार दिवसांनी अबू सालेह स्वतः आमच्या फाटकावर आला. एरवी तो बाहेरच्या बाहेर हात करून जाणारा माणूस. उंच, वाळका, दाढी मेंदीने रंगवलेली. सलाम झाला, पण आत यायला तयार नाही. त्याने पप्पांना विचारलं, भिंतीवर कुणाला चढताना पाहिलंस का? माझं झाड कुणीतरी मारलं. पप्पांचं अरबी कारखान्यापुरतं, पण एवढं त्यांना कळलं. मी दाराच्या आड उभी होते. पप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, "ला." नाही. अबू सालेह वहाणा फरफटत निघून गेला. पप्पा आत आले आणि पाणी प्यायले. झाड मारलं म्हणजे काय, हे आम्हाला संध्याकाळी नूराकडून कळलं. खजुराचं काळीज शेंड्यात असतं. ते कापलं की झाड उभं दिसतं, पण मेलेलं असतं. आणि ते झाड आपोआप उगवलेलं नव्हतं. अबू सालेहने आपल्या सगळ्यात चांगल्या झाडाचा फुटवा काढून ते नूराच्या जन्माच्या वर्षी लावलं होतं. ते तिचं झाड. वाकडं होतं म्हणून त्याच्यावर त्याचा जास्तच जीव. आणि त्याचा गाभा मी मिटक्या मारत खाल्ला होता.

बुधवारी आईने मला दाऊदमामांच्या दुकानात धाडलं. दाऊदमामा रत्नागिरीकडचे, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराण्याचं दुकान, आणि आमच्यापेक्षा आमच्या घरची खबर त्यांना जास्त. पप्पाही कामावरून तिथेच उतरले होते. मामा पप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "ऐकलंस मां, पास्कल? तो बागेतला शफीक, बंगाली. त्याचा मालक, कफील अबू सालेह, त्याला कायमचा गावी पाठवतोय. झाडाचा शेंडा त्यानंच खाल्लान म्हणतायत. सकाळी इथं बसून पोराने इतकं रडून घेतलान, मला बघवेना. इतकी वर्षं बागेत राबलेला माणूस, त्याला काय झाडाची किंमत ठाऊक नाय?" पप्पांनी माझ्या हातातलं सामान घेतलं. घरी येताना त्यांनी माझा हात धरला होता. मी तेरा वर्षांची घोडी, भररस्त्यात माझा हात त्यांनी कधी धरला नव्हता.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं आणि वडा कुठला हे फक्त आमच्या घराला माहीत होतं. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पप्पा गुड फ्रायडेच्या वाचनाची तयारी करत बसले. दुःखसहनाचा तो लांबलचक भाग आम्ही पात्रं वाटून वाचायचो आणि पप्पा सगळ्यांना आधी वाचून दाखवायचे. अंगणातल्या शेकोटीपाशी पेत्र आपल्या गुरूची ओळख नाकारतो, तिथवर ते आले आणि थांबले. आई सुकट निवडत होती. तिने मान वर करून बघितलं. पप्पांनी पुस्तक मिटलं आणि मला म्हणाले, "रेजू, उद्या शाळेतून आलीस की माझ्याबरोबर अबू सालेहकडे चल. मला नीट बोलता येणार नाही. मी सांगीन ते तू सांग."

आईने सुकटाचं ताट बाजूला सरकवलं. "काय सांगणार आहेस?"

"मी कापलं म्हणून."

"आणि कशाला कापलं विचारलं तर?"

"तेही सांगीन."

"हात दाखवून अवलक्षण! पास्कू, तुला काय वाटतं, तो फक्त तुला धरेल? कोण कोण येतं, किती दिवस येतात, फादर कोण, सगळं निघेल. त्या नर्सेसच्या जिवावर गावाकडे घरं चालतात. मेरीचा पोरगा अजून लहान आहे. तुझ्या एका क्रुसापायी सगळ्यांची पोटं मारशील."

"आणि शफीकचं पोट?"

आईने ताट पुन्हा जवळ ओढलं. ती वाईट बाई नव्हती. आज मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे आणि मला तिचंही म्हणणं पटतं. एका माणसाचा न्याय करायला पंधरा-वीस माणसांचा घास पणाला लावायचा का, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. लोक म्हणतात, खरं बोलावं. खरं बोलावं हे ठीक आहे, पण त्याचा दंड दुसऱ्याने भरायचा असेल तर?

गुरुवारी शाळेतून आले, तर पप्पा बाहेर वाट बघत उभे होते. मी वहाणा घालताना आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाली, "औषधाला कापलं म्हण. गावठी औषध असतं, पोटदुखीवर. बाप काय बोलतो ते त्या बहिऱ्याला कुठे कळणार? तू सांगशील तेच त्याच्या कानात जाणार. ऐकलंस? सगळ्यांचं तुझ्या तोंडात आहे." मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मलाच ठाऊक नव्हतं.

बागेच्या आत एक माडीवजा चौथरा होता, वर झावळ्यांचं छप्पर. अबू सालेह तिथे कॉफीचं भांडं घेऊन बसलेला. खाली पाटाच्या कडेला शफीक उभा, अंगात धुतलेला शर्ट, बाजूला दोरीने बांधलेली बॅग. म्हणजे निघायची तयारी झालीच होती. अबू सालेहने पप्पांना कॉफी ओतली. पप्पांनी कप घेतला नाही. तिकडे कॉफी नाकारणं म्हणजे साधी गोष्ट नाही, आधी माझं काम ऐक मग पितो, असा त्याचा अर्थ. हे पप्पांना कसं ठाऊक होतं, देव जाणे. अबू सालेहने कप खाली ठेवला आणि तो थांबला.

पप्पा म्हणाले, "सांग, झाड मी कापलं. परवा मी खोटं बोललो."

मी सांगितलं. शफीकला अरबी चांगलं कळायचं. तो चौथऱ्याकडे दोन पावलं पुढे आला. अबू सालेहच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "लेश?" का?

पप्पा माझ्याकडे वळले. "सांग, आमच्या सणाला ती पाती लागतात. प्रार्थनेला."

औषध हा शब्द मला येत होता. नूराच्या आजीच्या गुडघ्यांमुळे तो मला चांगलाच पाठ होता. जिभेवर येऊन बसला होता. पण पप्पा माझ्या ओठांकडे बघत होते आणि त्यांना एक शब्द नक्की कळणार होता. सलात, म्हणजे प्रार्थना. त्या देशात राहणाऱ्या माणसाच्या कानावर तो दिवसातून कितीदा पडतो. तो शब्द ऐकायला ते उभे होते. मला लोक म्हणतात, तू धीट होतीस. कसली धीट! मला पोलिसांपेक्षा पप्पांच्या त्या तोंडाची भीती जास्त वाटली. मी म्हटलं, "सलातसाठी. आमच्या."

अबू सालेह उठला. चौथऱ्याच्या कडेला येऊन त्याने जे बोलायला सुरुवात केली ते इतकं भरभर होतं, की मला तुकड्या-तुकड्यांनी पप्पांना सांगावं लागलं.

"तुम्ही प्रार्थना करता हे मला सांगायला आलात? मी बहिरा आहे का? तुझ्या बायकोचा आवाज माझ्या उंटाला ऐकू जातो. दर शुक्रवारी माझं इंजिन कशासाठी चालतं असं वाटतं तुला? माझी पाण्याची पाळी सोमवारी असते. शुक्रवारचं पाणी मी पाटातून परत पाटात सोडतो. तुम्ही इथे राहायला आलात तेव्हापासून मी तुमच्या आवाजासाठी डिझेल जाळतोय, रस्त्यावरून जाणाऱ्याला काही ऐकू जाऊ नये म्हणून. आणि तू माझ्या मुलीच्या झाडाचं काळीज कापलंस. मागितलं असतंस तर मी तुला नर झाडाची पाती दिली असती. ज्याला फळ नाही, त्याची."

हे पप्पांना सांगता सांगता मला रडू फुटलं. पप्पांनी मान खाली घातली होती ती वर केलीच नाही. शेवटी म्हणाले, "विचार, मी काय करू?"

अबू सालेहने बोट उचलून कोपऱ्यातल्या त्या वाकड्या झाडाकडे दाखवलं. "उद्या दुपारी कुदळ घेऊन ये. मेलेलं झाड तू खणून काढायचंस. शफीक हात लावणार नाही. नवा फुटवा मी देतो, तो तू लावायचास. आणि इंजिन आजपासून बंद. तुमचं तुम्ही बघा."

उद्या म्हणजे गुड फ्रायडे. उद्या दुपारी म्हणजे नेमकी तीच वेळ, येशूच्या मरणाची, वर्षातली सगळ्यात मोठी प्रार्थना. मी अरबीत सांगायला तोंड उघडलं, की उद्या आमचा... तेवढ्यात पप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येतो म्हणून सांग." मग त्यांनी खाली ठेवलेला तो गार झालेला कप उचलला आणि कॉफी पिऊन टाकली. शफीक आपल्या बॅगेची दोरी सोडत होता.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. इंजिनाची गोष्ट तिने मला पुन्हा एकदा सांगायला लावली. माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "उद्या कुणी गायचं नाही."

शुक्रवारी लोक आले ते नेहमीसारखे, एकेक करून, हातात भांडी. त्या दिवशी भांड्यांत काही नव्हतं, सगळ्यांचा उपवास. पप्पा कुठे आहेत विचारल्यावर आईने काम निघालं म्हणून सांगितलं. आज हळू बोलायचं आणि गायचं नाही, एवढंच ती म्हणाली. का, ते सांगितलं नाही. पप्पांचं वाचन मंगळुरी अंकलनी केलं, कुजबुजत. मी तेवढी शांतता त्या हॉलमध्ये कधी ऐकली नव्हती. इंजिन नसल्यावर आमचं घर किती उघडं आहे ते त्या दिवशी कळलं. फ्रिजचा आवाज, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचं ब्रेक दाबणं, सगळं आत येत होतं, म्हणजे आमचंही सगळं बाहेर जात असणार. प्रत्येक गाडीला नर्सेस एकमेकींकडे बघायच्या. आणि या सगळ्याच्या मागे, भिंतीपलीकडून, कुदळीचे घाव. एक पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. खजुराची मुळं चिवट असतात. शेजारच्या मल्याळी अंकलनी भुवया उंचावून विचारलं, हे काय? आईने ओठांवर बोट ठेवलं.

वाचन झालं. क्रुसाला वंदन करायची वेळ आली. एकेकाने पुढे येऊन गुडघे टेकायचे आणि क्रुसाचं चुंबन घ्यायचं. तेव्हा आई गावच्या चर्चमधलं एक जुनं गीत गायची, तिच्या आईने तिला शिकवलेलं. त्या गीताशिवाय गुड फ्रायडे असू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. आई क्रूस धरून उभी होती, ओठ घट्ट मिटून. लोक अनवाणी पायांनी पुढे येत होते, टेकत होते, उठत होते. मेरी रडायला लागली आणि तिने स्वतःचंच तोंड हाताने दाबलं. मला वाटलं, संपलं. आता हे लोक पुढच्या शुक्रवारी येणार नाहीत. इतक्या भीतीत कोण येईल?

कुदळ थांबली होती. केव्हा थांबली ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग भिंतीपलीकडून खोकल्यासारखा आवाज आला आणि विझला. आईने मान वळवली. पुन्हा खोकला, पुन्हा शांत. तिसऱ्यांदा इंजिनाने दम धरला, धडधडलं, आणि हॉलच्या काचा थरथरायला लागल्या. सगळ्यांची तोंडं आईकडे वळली. तिने घाई केली नाही. खिडकीकडे कान लावून तिने इंजिनाला ताल धरू दिला, आणि मग सुरू केलं, वरच्या पट्टीत. दुसऱ्या ओळीला आम्ही सगळे तिच्यामागे होतो.

पप्पा आले तेव्हा लोक गेले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, तळहातांना फोड. दारातच बसले. आईने लाल तांदळाची पेज गरम करायला ठेवली होती, दिवसभरातलं ते एकच जेवण. तिने पाठमोरीच विचारलं, "इंजिन कुणी लावलं?"

"त्यानेच. नव्या रोपाला पाणी लागतं म्हणाला."

"मग रोज लागेल."

"रोजचं शफीक बादलीने घालील म्हणाला. इंजिन शुक्रवारी."

आई पेज ढवळत राहिली. मग तिने डाळ शिजवायचं मोठं भांडं काढलं, ते काठोकाठ पेजेने भरलं, वर सुकटाची वाटी ठेवली, झाकण लावलं आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

"जा, सांडू नको. त्या शफीकला दे," ती म्हणाली, "आणि त्या बहिऱ्याला."